छोट्या गावची म्युनिसिपालिटी आणि पहिली मोटार

चांदणे असेल त्या रात्री रस्त्यावरचे दिवे लावावयाचे नाहीत, असा नियम आज कोणास सांगितला तर तो थट्टा समजेल. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभी लहान गावांच्या म्युनिसिपालिट्यांत पुष्कळ ठिकाणी हा नियम अगदी गंभीरपणे पाळला जात असे. रस्त्याच्या कडेला लाकडी किंवा लोखंडी खांब, त्यावर काचेची पेटी, पेटीत रॉकेलचा दिवा. तिन्हीसांजेला खांद्यावर शिडी आणि हातात तेलाचा डबा घेऊन दिवाबत्तीवाला निघावयाचा, काचा पुसावयाचा, वात कापावयाचा, तेल मापून घालावयाचा. चंद्र फुकट उजेड देत असता तेल जाळणे हा करदात्यांच्या पैशाचा अपव्यय, हे त्यामागचे तर्कशास्त्र. पंचांग हे अशा म्युनिसिपालिटीचे एक आवश्यक दफ्तर होते म्हणावयास हरकत नाही. आषाढातल्या पौर्णिमेला आकाश ढगांनी भरून आले, तरी पंचांगाच्या दृष्टीने ती पौर्णिमाच. आणि रस्त्यातल्या चिखलात पाय घसरणारा नागरिक पंचांगाला दोष द्यावा की म्युनिसिपालिटीला, या विवंचनेत घरी जात असे.

असल्या किरकोळ निर्णयांविषयी मी आज बोलणार आहे. लढाया, तह आणि राज्यारोहणे यांचा इतिहास आपण शाळेत शिकतो. पाच-दहा हजार वस्तीच्या गावात महिन्यातून एकदा जमणारे डझन-दीड डझन सभासद, त्यांचा तो कोपऱ्याला शाई सांडलेला ठरावबुक आणि त्यात सेक्रेटरीने वळणदार अक्षरात लिहिलेली ती ठराविक वाक्ये, यांच्याकडे इतिहासकाराची नजर क्वचितच जाते. सरकारी नोकरीमुळे जुनी दफ्तरे चाळण्याची ज्यांना सवय लागली आहे, त्यांना मात्र ठाऊक असते की, गावातील माणसाचे रोजचे जिणे सुखाचे की दुःखाचे व्हावयाचे, हे पुष्कळदा त्या बुकातच ठरत असे.

या संस्था आल्या कोठून, हे थोडक्यात सांगतो. १८५० च्या सव्विसाव्या कायद्याने, गावकऱ्यांनी मागणी केल्यास गावात म्युनिसिपालिटी स्थापन करण्याची मुभा मिळाली. १८७३ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात दहा हजारांवरील वस्तीच्या 'सिटी' आणि त्याहून लहान 'टाउन' अशी वर्गवारी झाली. १८८२ साली लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याविषयीचा प्रसिद्ध ठराव निघाला, १८८४ साली इलाख्याचा कायदा सुधारला, आणि १९०१ साली जो 'डिस्ट्रिक्ट म्युनिसिपल ॲक्ट' झाला, त्याच्याच छायेत आपल्या आजच्या कथेतील बहुतेक मंडळी वावरत होती. या कायद्याने कर्तव्यांची एक लांबलचक यादी म्युनिसिपालिटीच्या गळ्यात घातली होती : रस्त्यांवर दिवाबत्ती करणे, रस्त्यांवर पाणी शिंपडणे, सफाई ठेवणे, आग विझविणे, उपद्रवी धंद्यांवर नियंत्रण ठेवणे, सार्वजनिक शौचकूप बांधणे, जन्ममृत्यूची नोंद ठेवणे, देवी काढविणे, प्राथमिक शाळा चालविणे. यादी राजवाड्याची आणि तिजोरी झोपडीची, असा हा प्रकार होता. शिवाय प्रारंभीच्या काळात अध्यक्षाच्या खुर्चीवर बहुधा सरकारी अधिकारीच विराजमान असावयाचा. साहेबांसमोर कोण काय बोलणार? निवडून आलेले अध्यक्ष सर्रास दिसू लागले ते पहिल्या महायुद्धाच्या अखेरीनंतर; आणि तेव्हाही एखाद्या ठरावाची अंमलबजावणी थांबविण्याचा अधिकार कलेक्टरच्या हाती होताच.

पैसा कोठून आणावयाचा, हा प्रत्येक सभेचा खरा विषय. घरपट्टी बसवावी, तर सभासद स्वतःच गावातले घरवाले आणि सावकार. आपल्याच दारावर आपणच पट्टी वाढविण्याचा उत्साह त्यांच्यात कमीच असावयाचा. म्हणून सगळ्यांचे डोळे जकातीकडे लागत. गावाच्या वेशीवर जकात नाका, तेथे एक कारकून आणि एक शिपाई. धान्याची गाडी आली, मोजा. गुळाच्या ढेपी आल्या, मोजा. डोक्यावर सरपणाचा भारा घेऊन म्हातारी आली, तिलाही थांबवा. जकात कोणाच्या डोळ्यांत खुपत नाही, कारण ती मालाच्या किमतीत मिसळून जाते, असे तिचे गुणगान होत असे. माझ्या मते तेच तिचे मोठे वैगुण्य होते. ज्याच्या घरात चार खंडी धान्य साठविलेले असे त्याच्यावर आणि रोज अर्धा शेर ज्वारी विकत घेणाऱ्यावर ती जवळजवळ सारख्याच निर्दयतेने बसत असे. फरक एवढाच की दुसऱ्याला सभेत मत नव्हते. मतदानाचा हक्क मालमत्तेवर, करावर आणि अशाच काही पात्रतांवर अवलंबून असल्यामुळे मोलमजुरी करणारा माणूस त्या ठरावबुकात आला तर अर्जदार म्हणून किंवा दंड झालेला इसम म्हणूनच यावयाचा.

अशा या बेताच्या संसारात एके दिवशी भोंगा वाजवीत मोटार आली.

मुंबईत मोटारी १८९८ च्या सुमारास दिसू लागल्या. आडगावी त्या पोहोचावयास दहा-वीस वर्षे लागली. प्रथम एखाद्या संस्थानिकाची किंवा कलेक्टरसाहेबाची गाडी धुरळा उडवीत निघून जावयाची. मुले मागे धावावयाची, बैल जू टाकून उधळावयाचे. पहिल्या महायुद्धानंतर मात्र भाड्याच्या मोटारी आल्या. 'सर्व्हिस मोटार' हा आपल्या भाषेतला शब्द त्या काळचा. रेल्वे स्टेशनापासून तालुक्याच्या गावापर्यंत टांग्याला जेथे अर्धा दिवस लागे, तेथे सर्व्हिस तास-दीड तासात पोहोचवू लागली. आत माणसे, टपावर बोजे, बाजूच्या पायरीवर लोंबकळणारा क्लीनर, असा तो थाट होता. गावाच्या दृष्टीने हा चमत्कार होता. म्युनिसिपालिटीच्या दृष्टीने मात्र ती कटकटींची माळच ठरली.

पहिली कटकट रस्त्याची. त्या काळचा चांगला रस्ता म्हणजे खडी पसरून, तीवर मुरूम आणि पाणी घालून, रूळ फिरवून बसविलेला रस्ता. खडीचे दगड एकमेकांस धरून ठेवीत असे तो मधला बारीक भुगा. बैलगाडीची लोखंडी धाव त्या रस्त्यात चाकोऱ्या पाडी, पण भुगा जागच्या जागी राहत असे. मोटारीच्या रबरी चाकाचे तसे नव्हते. वेगाने फिरणारे ते चाक खडीमधला भुगा अक्षरशः ओढून काढी आणि वाऱ्यावर उडवून देई. भुगा गेला की दगड सुटे. दगड सुटले की तेच बैलगाडीच्या धावेखाली भरडले जात. दोन्ही वाहनांनी मिळून रस्त्याचा असा फडशा पाडला की, जो रस्ता चार-पाच वर्षे टिके तो पावसाळ्यागणिक मागणी करू लागला. बाजारपेठेत दुकानदारांच्या मिठाईवर आणि कापडाच्या ठाणांवर धुळीचा थर बसू लागला. मग अर्ज यावयाचे : रस्त्यावर दोन वेळा पाणी शिंपडावे. पाणी शिंपडावयाचे तर पखालीचा किंवा पाण्याच्या गाडीचा खर्च, बैलांचा चारा, आणि उन्हाळ्यात मुळात पाणी आणावयाचे कोठून हा प्रश्न. डांबर हा उपाय ठाऊक होता, परवडत नव्हता.

दुसरी कटकट वेगाची. १९१४ साली सबंध हिंदुस्थानासाठी मोटार वाहनांचा पहिला कायदा झाला. मोटारीची नोंदणी करावी, हाकणाऱ्याजवळ परवाना असावा, अठरा वर्षांखालील कोणी सार्वजनिक रस्त्यावर मोटार हाकू नये, बेदरकारपणे हाकल्यास शिक्षा व्हावी, अपघात झाल्यास गाडी थांबवावी, इत्यादी गोष्टी त्याने घालून दिल्या. पण नियम करावयाचे प्रांतिक सरकारने आणि अंमल करावयाचा पोलिसांनी. रस्ता ज्यांचा, धूळ ज्यांची, चिरडली गेलेली कोंबडी ज्यांच्या मतदाराची, त्या म्युनिसिपालिटीच्या हाती पाटी लावण्यापलीकडे फारसे काही नव्हते. मोटारी कोठे उभ्या कराव्यात, हा प्रश्न मात्र तिच्या दारी येई. मोटार-स्टँड पेठेत असावा असे हॉटेलवाला म्हणे. तो वेशीबाहेर असावा असे टांगेवाला म्हणे, कारण वेशीपासून पेठेपर्यंतचे उतारू तरी त्याला मिळावेत. पेट्रोलचे डबे भर वस्तीत साठवू द्यावेत की नाही, यावरही काथ्याकूट होई; कुडाच्या भिंती आणि गवती छपरे असलेल्या आळीत तो वाद पोकळ नव्हता.

तिसरी कटकट पैशाची आणि ती अधिक खोल होती. गाड्यांवर चाकपट्टी बसविण्याचा अधिकार म्युनिसिपालिट्यांना होता, आणि टांग्यांवर व बैलगाड्यांवर ती जुनीच होती. मोटारीवरही ती बसविली गेली. परंतु सर्व्हिस मोटार ही काही एका गावची नव्हे. सकाळी या गावी, दुपारी त्या गावी. प्रत्येक ठिकाणी पट्टी, वाटेत टोलनाका, वेशीवर जकात. मोटारवाला तक्रार करी की, मी रस्त्यावर चालतो की पावत्यांवर? आणि म्युनिसिपालिटी म्हणे, रस्ता आमचा मोडतो, उत्पन्न कोणाचे? १९२७ साली हिंदुस्थान सरकारने रस्त्यांच्या चौकशीसाठी जी समिती नेमली, तिचे अध्यक्ष आपले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते. १९२८ च्या अहवालात या समितीने स्पष्ट सांगितले की, रस्त्यांची वाढ हे काम आता प्रांतिक सरकारांच्या आणि स्थानिक संस्थांच्या ऐपतीबाहेर चालले आहे. तिच्या शिफारशीप्रमाणे मार्च १९२९ पासून पेट्रोलवरील कर गॅलनला चार आण्यांवरून सहा आणे झाला आणि त्या वाढीव दोन आण्यांतून मध्यवर्ती रस्ता निधी उभा राहिला. पुढे मुंबई इलाख्यात १९३५ च्या मोटार कराच्या कायद्याने कर प्रांताकडे गेला आणि म्युनिसिपालिट्यांची मोटारींवरील चाकपट्टी बंद होऊन तिच्या जागी सरकारकडून ठराविक भरपाई मिळू लागली. मोटारी वाढत गेल्या, भरपाई मात्र जुन्या उत्पन्नाच्या मापाने. एका उगवत्या धंद्याच्या उत्पन्नावरचा आपला वाटा लहान गावांनी असा अगदी निमूटपणे गमावला. व्यवहाराच्या दृष्टीने एकच कर हे योग्यच होते, याविषयी मला शंका नाही. पण गावच्या तिजोरीच्या दृष्टीने तो वाईट सौदा होता.

सफाईचे खाते सभेत सर्वांत अधिक वेळ खाणारे आणि सर्वांत कमी मान असलेले. पहाटे घरोघरचा मैला डोक्यावरच्या टोपलीतून वाहणारी माणसे म्युनिसिपालिटीच्या नोकरीत सर्वांत कमी पगारावर होती. त्या मैल्याचे खत करून त्याचा लिलाव होई आणि त्याला दफ्तरी 'सोनखत' असे सुंदर नाव होते. खताला सोने म्हणावयाचे आणि ते वाहणाऱ्याला सावलीलाही उभे करावयाचे नाही, ही विसंगती त्या ठरावबुकांच्या पानापानांवर आहे. ती लिहिणाऱ्यांना ती दिसत होती असे मात्र जाणवत नाही.

याच रुक्ष ठरावबुकांपैकी एकात एक असा ठराव आहे की, त्याने लहान गावच्या म्युनिसिपालिटीचे नाव देशाच्या इतिहासात नेऊन बसविले. तो ठराव महाडचा.

महाड हे तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील सावित्रीकाठचे व्यापारी गाव. खाडीने माल यावयाचा, घाटाने वर जावयाचा. गावात चवदार तळे नावाचा मोठा जलाशय आहे. पावसाचे आणि झऱ्यांचे पाणी त्यात साठते. चारी बाजूंनी बांध, काठाने खासगी जमिनीच्या अरुंद पट्ट्या, त्यापलीकडे म्युनिसिपालिटीचा रस्ता आणि त्याच्या कडेने सवर्ण हिंदूंची घरे, अशी त्याची तेव्हाची मांडणी होती. गावचे लोक तेथून पाणी भरीत, बाहेरचे लोकही भरीत, मुसलमान आणि ख्रिस्ती यांनाही अटकाव नव्हता, गुरेही पाणी पीत. फक्त त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींना तेथे बंदी होती. त्यांच्या वस्तीत, गावापासून काही अंतरावर, एक विहीर होती; ती गाळाने भरून गेली होती आणि म्युनिसिपालिटीने तिच्याकडे लक्ष दिले नव्हते. विहिरीचा गाळ काढणे हे कोणत्याही सभेपुढचे पाच मिनिटांचे काम. ते न करणे हाही एक निर्णयच होता. फक्त तो बुकात लिहावा लागत नाही.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेल्या किंवा राखलेल्या, अथवा कायद्याने स्थापन झालेल्या संस्थांच्या ताब्यातील सर्व पाणवठे, विहिरी व धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्य वर्गांस खुले असावेत, असा त्याचा आशय. सप्टेंबरात सरकारने खातेप्रमुखांना हुकूम काढला. स्थानिक संस्थांना मात्र कलेक्टरांमार्फत सल्लाच द्यावयाचा होता. तो सल्ला इतर अनेक कागदांबरोबर गावोगावच्या म्युनिसिपालिट्यांच्या टेबलावर आला. बहुतेक ठिकाणी तो फायलीत निजला. महाडच्या म्युनिसिपालिटीने ५ जानेवारी १९२४ रोजी ठराव केला की, अस्पृश्यांनी तळ्याचा उपयोग करण्यास म्युनिसिपालिटीची हरकत नाही.

या वाक्यरचनेकडे आपण लक्ष द्यावे. 'हरकत नाही' हा दफ्तरातला सर्वांत सोयीचा शब्दप्रयोग आहे. मीही तो नोकरीत शेकडो वेळा वापरला असेन. त्यात करण्याची जबाबदारी कोणावरच पडत नाही. पाटी लावावयाची नाही, शिपाई उभा करावयाचा नाही, पाणी भरावयास येणाऱ्याच्या अंगावर कोणी धावून गेले तर काय करावयाचे ते ठरवावयाचे नाही. ठराव झाला आणि तीन वर्षे तळे जसे होते तसेच राहिले. दरम्यान ५ ऑगस्ट १९२६ रोजी बोले यांनी दुसरा ठराव मंजूर करून घेतला : ज्या म्युनिसिपालिट्या व लोकल बोर्डे या धोरणाची अंमलबजावणी करणार नाहीत त्यांचे अनुदान बंद करावे.

मार्च १९२७ च्या १९ व २० तारखांना महाड येथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. तिच्यामागे रामचंद्र बाबाजी मोरे यांची खटपट होती. महाड म्युनिसिपालिटीचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस आणि अनंतराव चित्रे हे तिच्या पाठीशी होते. परिषदेला अडीच हजारांच्या आसपास लोक जमले, आणि त्यांच्या पिण्याच्या पाण्यासाठी, भर गावात तळे असता, चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. २० मार्च रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली मिरवणूक तळ्यावर गेली आणि त्या सर्वांनी पाणी प्यायले. म्युनिसिपालिटीने तीन वर्षांपूर्वी ज्याला हरकत नाही म्हटले होते, तेवढेच त्यांनी केले. पुढे जे झाले ते आपण जाणता : देवळात शिरणार असल्याची अफवा, परतणाऱ्या प्रतिनिधींवर हल्ला, आणि नंतर पंचगव्याच्या घागरी ओतून केलेली तळ्याची 'शुद्धी'.

म्युनिसिपालिटीची खरी परीक्षा त्यानंतर झाली. गावातील बहुसंख्य मतदारांचा रोष एका बाजूस आणि स्वतःचा लेखी ठराव दुसऱ्या बाजूस. ४ ऑगस्ट १९२७ रोजी तिने आपला १९२४ चा ठराव रद्द केला. बोले यांचा पहिला ठराव मंजूर झाल्याला त्या दिवशी बरोबर चार वर्षे होत होती. रद्द करणाऱ्यांत सगळेच कडवे होते असे मला वाटत नाही. लहान गावात सभासदाला सभेतून उठून त्याच पेठेत दुकानावर बसावे लागते, त्याच आळीत मुलीचे लग्न करावे लागते. हे समजून घेता येते. पण समजून घेतल्याने तळ्यावरची बंदी सैल होत नाही.

डिसेंबरात सत्याग्रहाची दुसरी परिषद ठरली, आणि येथे आपली मोटार पुन्हा कथेत येते. मुंबईहून महाडला जाण्याचा नेहमीचा मार्ग धरमतरपर्यंत बोटीने आणि पुढे मोटारीने असा होता. परंतु मोटारमालकांनी उतारू घेण्याचे नाकारले तर? म्हणून आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरची मंडळी 'पद्मावती' बोटीने लांबच्या वाटेने दासगाव बंदरात उतरली, कारण तेथून महाड पाच मैल आहे आणि पाच मैल चालता येते. नवे वाहन आले म्हणून रस्ता सर्वांना सारखाच खुला झाला, असे समजणाऱ्यांनी ही हकीकत ध्यानात ठेवावी. परिषदेसाठी जागा दिली ती एका मुसलमान गृहस्थाने.

सत्याग्रह मात्र त्या वेळी झाला नाही. महाडच्या काही सवर्ण हिंदूंनी १२ डिसेंबर रोजी दिवाणी न्यायालयात दावा लावून तात्पुरता मनाईहुकूम मिळविला होता. तळे हे सार्वजनिक नसून खासगी आहे, आणि अस्पृश्यांनी तेथे न येण्याची रूढी पुरातन आहे, असे वादींचे म्हणणे. परिषदेने न्यायालयाचा मान राखून सत्याग्रह तहकूब केला. मिरवणूक तळ्याभोवती फिरून परत आली. आणि मग सुरू झाली ती दहा वर्षांची वकिली, जिच्यात प्रश्न होते अगदी म्युनिसिपालिटीच्या टेबलावरचे : जागा कोणाची? ताबा कोणाचा? केव्हापासून? महाडच्या न्यायालयाने ८ जून १९३१ रोजी निकाल आंबेडकरांच्या बाजूने दिला, ठाण्याच्या अपिलात तो कायम झाला, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने वादींचे अपील फेटाळले. तळे खासगी ठरले नाही. ते म्युनिसिपालिटीचे ठरले. आणि रूढीविषयी न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांच्यापुढे वादींना ती अनादी काळापासून चालत आल्याचे सिद्ध करता आले नाही. म्युनिसिपालिटीच्या काळाआधी काय चालत असे, याचा पुरावाच त्यांच्यापाशी नव्हता.

म्युनिसिपालिटीने आपणहून दिलेले आणि आपणहून काढून घेतलेले पाणी शेवटी अशा रीतीने न्यायालयाच्या निकालाने खुले झाले. तो निकाल लागला त्या सुमारास मोटारींवरील चाकपट्टी जाऊन तिच्या जागी भरपाई येऊ लागली होती, आणि इलाख्यातील कितीतरी लहान गावांत दिवाबत्तीवाला अजूनही संध्याकाळी शिडी उचलण्याआधी पंचांग पाहत होता.